ऐकणाऱ्याचं शास्त्र

बारावीचा निकाल लागतो आणि घरातली मुलगी सांगते, "मी मास कॉम घेणार." घरच्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ते करून पुढे काय? उत्तरंही साधारण ठरलेली आहेत. चॅनेलमध्ये जाईन, जाहिरात क्षेत्रात जाईन, एखाद्या पीआर कंपनीत लागेन, नाहीतर स्वतःचं यूट्यूब चॅनेल काढेन. प्रश्न रास्त आहे. उत्तरं मात्र मला अपुरी वाटतात, आणि त्याचं कारण पगार हे नाही. या चारही उत्तरांत मुलगी बोलणाऱ्याच्या बाजूला उभी आहे. कधी कॅमेऱ्यापुढे, कधी मागे, पण बोलणाऱ्याच्याच बाजूला. संज्ञापन हा विषय आयुष्यातली तीन-चार वर्षं द्यावीत इतका मोठा आहे तो दुसऱ्या बाजूमुळे. एक माणूस बोलतो तेव्हा समोरचे शंभर जण त्यातलं काय ऐकतात, कोणाला विचारून त्यावर विश्वास ठेवतात आणि उठून गेल्यावर काय करतात, हे शोधून काढणं हा या विषयाचा गाभा आहे. आपल्याकडे हा गाभा एखाददुसऱ्या पेपरात आटोपतो आणि उरलेली पदवी बोलणाऱ्याच्या तयारीत जाते. हे उलटं व्हायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

शिकायची सोय कमी आहे असं नाही. मुंबई विद्यापीठाने या शतकाच्या तोंडावर 'बॅचलर ऑफ मास मीडिया' सुरू केलं आणि 'बीएमएम' ही तीन अक्षरं शहरी मुलांच्या तोंडी बसली. पुढे त्याचं बीएएमएमसी झालं. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये १९६४ पासून वृत्तपत्रविद्या शिकवली गेली आणि मराठी पत्रकारांच्या कितीतरी पिढ्या त्या इमारतीतून बाहेर पडल्या. अमरावतीत भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने 'मेजर' आणि 'मायनर' हे शब्द महाविद्यालयाच्या आवारात आणले आणि पदवीला संशोधनाचं चौथं वर्ष जोडण्याची वाट मोकळी केली. पण पुष्कळ ठिकाणी हे वर्ग विनाअनुदानित आहेत, मुलांच्या फीवर चालतात, आणि फी भरणाऱ्या पालकांना पहिल्या दिवशी अभिमानाने दाखवता येतो तो स्टुडिओ. साहजिकच मुलं सॉफ्टवेअर शिकतात, कॅमेरा शिकतात, अँकरिंग शिकतात. यात गैर काही नाही. हात चालायलाच हवेत. मात्र पहिल्या वर्षी शिकलेलं सॉफ्टवेअर पदवी हातात पडेपर्यंत जुनं झालेलं असतं. बातमीचा मसुदा, मथळे, सबटायटल्स, जाहिरातीचा मजकूर हे सगळं तर आता यंत्र काही सेकंदांत लिहून देतं. निव्वळ कौशल्यावर उभ्या असलेल्या पदवीखालची जमीन दर वर्षी थोडी थोडी सरकते आहे.

सिद्धांताचा पेपर असतो, नाही असं नाही. त्यात हॅरॉल्ड लासवेल यांचे १९४८ चे पाच प्रश्न पाठ केले जातात आणि क्लॉड शॅनन यांची त्याच वर्षीची आकृती काढली जाते: संदेश पाठवणारा, मार्ग, गोंगाट, संदेश घेणारा. शॅनन हे बेल लॅब्जमधले गणिती अभियंता होते. तारेतून संकेत कमीत कमी बिघाडाने कसा पोचेल, हा त्यांचा प्रश्न होता, आणि अर्थाचा विचार आपण बाजूला ठेवत आहोत हे त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. त्यांच्या कामासाठी ते योग्यच होतं. आपण मात्र तीच आकृती माणसांना लावतो. बाणाच्या टोकाशी एक रिकामा चौकोन असतो आणि त्यात 'रिसीव्हर' असं लिहिलेलं असतं. त्या चौकोनात कोण बसलंय, त्याचं गाव कोणतं, जात कोणती, त्याच्यावर कर्ज किती, कोणाच्या शब्दावर तो चालतो, हे विचारायची सवय मुलाला लागतच नाही.

खरं तर या शास्त्राने पहिली मोठी झेप घेतली ती तोच चौकोन उघडून पाहिल्यामुळे. पत्रकारितेचं शिक्षण अमेरिकेत आधीपासून होतं; मिझुरी विद्यापीठातलं विद्यालय १९०८ चं. वक्तृत्व शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी इंग्रजीच्या प्राध्यापकांपासून वेगळं होऊन १९१४ मध्ये आपली संघटना काढली होती. दोन्हीकडे लक्ष बोलणाऱ्यावर होतं. मग १९४० ची अध्यक्षीय निवडणूक आली. व्हिएन्नाहून अमेरिकेत आलेले समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांचे सहकारी ओहायोतल्या ईरी काउंटीत जाऊन बसले आणि त्याच त्या सुमारे सहाशे मतदारांना महिनोन्‌महिने पुन्हा पुन्हा भेटत राहिले. रेडिओ आणि वर्तमानपत्रं लोकांची मतं फिरवतात, असा त्या काळचा समज होता. प्रत्यक्षात प्रचाराने मत फिरलेली माणसं थोडी निघाली. बहुतेकांवर छाप होती ती घरच्यांची, शेजाऱ्याची, कामावरच्या जाणत्या माणसाची. रेडिओचं बोलणं आधी अशा जाणत्याच्या कानी पडत होतं आणि त्याच्या तोंडून पुढे जात होतं. हा निष्कर्ष कोणत्याही स्टुडिओत बसून मिळाला नसता.

याच वळणाचा एक प्रयोग महाराष्ट्राच्या मातीत झाला आहे आणि आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनी तो तपशिलात शिकायला हवा. १९५६ सालच्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांत रेडिओ श्रोता मंडळं स्थापन केली. गावं दीडशेच्या आसपास. कल्पना मूळची कॅनडातली. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास कार्यक्रम, असे वीस कार्यक्रम. गावातली वीसेक माणसं रेडिओभोवती जमायची, ऐकायची आणि रेडिओ बंद झाल्यावर त्या विषयावर आपसांत बोलायची. मंडळाचा चिटणीस त्या बोलण्याचा वृत्तान्त आणि शंका लिहून पुण्याला पाठवायचा आणि पुढच्या एखाद्या कार्यक्रमात त्या शंकांना उत्तरं मिळायची. प्रसारण ही एकतर्फी गोष्ट असते हे आपण गृहीत धरून चालतो. इथे पोस्टाच्या मदतीने का होईना, गाव केंद्राशी बोलत होतं.

प्रयोगाचं मोल त्याच्या मोजणीत आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने हे मूल्यमापन केलं आणि त्याची सूत्रं पॉल न्यूरथ यांच्याकडे होती. हिटलरच्या छळछावण्यांतून वाचलेले, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात लाझार्सफेल्ड यांच्या हाताखाली काम केलेले हे समाजशास्त्रज्ञ. त्यांनी तीन प्रकारची गावं निवडली: जिथे मंडळ आहे, जिथे रेडिओ आहे पण मंडळ नाही, आणि जिथे रेडिओच नाही. कार्यक्रम सुरू होण्याआधी आणि संपल्यानंतर त्याच लोकांना प्रश्न विचारले. मंडळाच्या गावांत माहिती लक्षणीय वाढली होती, आणि ती अक्षरओळख नसलेल्यांमध्येही वाढली होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांत फरक किरकोळ होता. आवाज तोच, कार्यक्रम तोच, भाषा तीच. फरक पडला तो ऐकल्यानंतरच्या बोलण्याने. न्यूरथ आणि आकाशवाणीचे जगदीशचंद्र माथुर यांचा अहवाल १९५९ मध्ये युनेस्कोने छापला आणि विकासासाठी माध्यमं वापरू पाहणाऱ्या जगभरच्या लोकांनी तो अभ्यासला. पुढे अशी मंडळं देशभर काढली गेली, पण सरकारी उपक्रमाचं बहुधा जे होतं ते झालं: आकडा वाढला आणि शंकांना उत्तरं देणारी यंत्रणा मागे पडली. पुण्यात जे साधलं होतं ते नेमकं त्या यंत्रणेमुळे साधलं होतं.

या निष्कर्षाची दुसरी, भयंकर बाजू आपल्याच राज्यात १ जुलै २०१८ रोजी दिसली. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचं आदिवासी वस्तीचं गाव आहे. तिथे आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. भिक्षुकीसाठी फिरणारी ही माणसं सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची होती. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे संदेश त्या भागात मोबाइलवरून आधीपासून फिरत होते. त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारलं गेलं. ज्या जागेत गावाने एकत्र बसून बोलावं अशी अपेक्षा असते, तीच ती जागा. त्याच रविवारी रात्री मालेगावात याच अफवेने जमलेल्या जमावाच्या तावडीतून एका लहान मुलासह पाच जणांना पोलिसांनी सोडवलं. महिना संपायच्या आत व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच जणांना किंवा गटांना पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली.

त्या दिवसांत चर्चा झाली ती फोनची. फोन दोषी, अ‍ॅप दोषी, अडाणीपणा दोषी. माझ्या मते या तिन्ही उत्तरांनी प्रश्न अर्धवट सोडला. तोच संदेश त्या आठवड्यांत असंख्य गावांत पोचला असणार. बहुतेक ठिकाणी माणसं मारली गेली नाहीत. मग राईनपाड्यात संदेश आणि मारहाण यांच्या मध्ये काय घडलं? आधी कोण बोललं? 'थांबा, पोलिसांना बोलवू' असं म्हणणारं कोणी होतं का, आणि असलं तर त्याचं का ऐकलं गेलं नाही? भटक्या माणसाकडे संशयाने पाहण्याच्या जुन्या सवयीचा वाटा किती? ब्रिटिशांनी १८७१ मध्ये कायदा करून काही जमातींवर जन्मानेच गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये गेला, शिक्का लोकांच्या मनातून गेला नाही. न्यायालय गुन्हेगार कोण ते ठरवेल आणि पत्रकार घटना सांगेल. पण ऐकलेल्या शब्दाचं कृतीत रूपांतर कसं होतं, हा प्रश्न ज्या शास्त्राचा आहे त्या शास्त्राची मुलं तेव्हा किती गावांत गेली? अशा प्रत्येक घटनेनंतर जिल्ह्यातल्या महाविद्यालयाच्या संज्ञापन विभागाने वही घेऊन फिरायला हवं, आणि घटना घडली नाही अशा शेजारच्या गावांत तर आधी जायला हवं. न्यूरथ यांच्या तीन प्रकारच्या गावांनी शिकवलं ते हेच: जिथे काही झालं नाही तिथलंही मोजल्याशिवाय जे झालं त्याचं कारण कळत नाही.

या मांडणीवर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला मराठी पत्रसृष्टीच्या इतिहासातूनच येतो. टिळक गणित आणि कायदा शिकले होते, आगरकर इतिहास-तत्त्वज्ञानाचे, 'मूकनायक' काढणारे डॉ. आंबेडकर अर्थशास्त्राचे. संज्ञापनाची पदवी कोणाकडेच नव्हती. ज्याला सांगण्यासारखं काही आहे तो सांगण्याची रीत शोधून काढतो, तेव्हा मुलांनी अर्थशास्त्र शिकावं, इतिहास शिकावा, कायदा शिकावा आणि बातमी लिहायला कचेरीत शिकावं, असं जुनी संपादक मंडळी म्हणत आली. पत्रकार घडवण्यापुरता हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. ज्या मुलीला पत्रकारच व्हायचं आहे तिने अर्थशास्त्र मेजर आणि संज्ञापन मायनर घ्यावं, असं मी उघडपणे सांगेन. अंदाजपत्रक वाचता न येणाऱ्या वार्ताहराला कितीही चांगली वाक्यं लिहिता आली तरी महापालिकेत त्याला कोणीही गुंडाळून ठेवतं. परंतु हा आक्षेप संज्ञापनाची पदवी म्हणजे पत्रकारितेची पदवी असं धरून चालतो. अर्थशास्त्राचा विद्यार्थी पीकविम्याची योजना कशी असावी ते सांगेल. ती योजना ज्याच्यासाठी आहे त्याच्यापर्यंत कोणाच्या तोंडून, कोणत्या रूपात आणि किती उशिरा पोचली, हे पाहायला वेगळी नजर लागते आणि ती शिकवावी लागते.

दुसरा आक्षेप विषयाच्या आतला आहे. संज्ञापनाला स्वतःचं घर नाही; मानसशास्त्र, समाजशास्त्र, भाषाशास्त्र, राज्यशास्त्र यांच्याकडून उसनवारी करून चाललेला हा संसार आहे. १९५९ मध्ये हे क्षेत्र कोमेजत चाललं आहे असं लिहिलं ते बर्नार्ड बेरेल्सन यांनी, ईरी काउंटीच्या अभ्यासात लाझार्सफेल्ड यांच्याबरोबर असलेल्या माणसाने. विल्बर श्रॅम यांनी त्यांना लगोलग उत्तर दिलं की ही अनेक वाटा मिळण्याची जागा आहे, इथे पुष्कळ विद्वान येऊन पुढे जातात, म्हणून ती ओसाड ठरत नाही. मला श्रॅम पटतात, पण एका अटीवर. मिळणाऱ्या वाटांवर प्रत्यक्ष चालावं लागतं. नमुना निवड, प्रश्नावली, मुलाखत, साधी संख्याशास्त्रीय पडताळणी या गोष्टी टाळून कोणी संज्ञापनाची पदवी देत असेल तर बेरेल्सन यांचं म्हणणं त्या पदवीपुरतं खरं ठरतं. 'मला गणित नको म्हणून मास कॉम घेतलं' असं सांगणारी मुलं असतात. पहिल्याच सत्रात संख्याशास्त्राचा पेपर ठेवला तर त्यांना निदान वेळेवर कळेल.

आणि उसनवारीच करायची तर सगळी अमेरिकेतून का? माणसांच्या समूहाशी बोलण्याची आणि त्यांना बोलतं करण्याची फार मोठी परंपरा मराठी मुलखात आहे. गाडगेबाबांचं कीर्तन श्रोत्यांना प्रश्न विचारत पुढे जायचं. लोकांनी उत्तर दिल्याशिवाय पुढचं वाक्य यायचं नाही, आणि त्या उत्तरातूनच देवाला बकरं मारण्याची किंवा सावकाराचं कर्ज काढून लग्न करण्याची विसंगती त्यांची त्यांनाच दिसायची. ऐकणाऱ्याच्या तोंडून युक्तिवाद पुरा करून घेण्याचं हे तंत्र ज्या उंचीचं आहे, त्या उंचीचं विश्लेषण त्याच्या वाट्याला अजून आलेलं नाही. सत्यशोधक जलसे, आंबेडकरी जलसे, अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक हे सगळं साहित्याच्या किंवा लोककलेच्या विद्यार्थ्याकडे सोपवून आपण मोकळे झालो. संज्ञापनाच्या विद्यार्थ्याने त्याकडे वेगळा प्रश्न घेऊन जायला हवं: हे ऐकायला कोण येत होतं, बायका कुठे बसत होत्या, वर्तमानपत्र न वाचणाऱ्या माणसाला त्यातून कोणती बातमी मिळत होती, आणि दुसऱ्या दिवशी वस्तीत त्यावर काय बोललं जात होतं? जुनी माणसं आहेत तोवर हे विचारून घेता येईल. दवंडी आणि कोतवाल यांच्या जागी ग्रामपंचायतीचा व्हॉट्सअ‍ॅप गट आल्यावर ग्रामसभेची खबर कोणाला कळेनाशी झाली, हा प्रश्न तर आजचा आहे आणि कोणत्याही तालुक्यात उद्या सकाळी तपासता येण्यासारखा आहे.

तपासण्यासारखं किती आहे! आंबेगाव तालुक्यातलं माळीण ३० जुलै २०१४ रोजी दरडीखाली गेलं तेव्हा बाहेरच्या जगाला ते कळलं नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकामुळे. त्याला गाव जागेवर दिसलं नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विजेची पूर्वसूचना देणारं 'दामिनी' अ‍ॅप तयार केलं आहे. शास्त्रज्ञांचं काम तिथे पुरं होतं. मेंढ्या घेऊन माळावर असलेल्या धनगराकडे तो फोन आहे का, असला तर सूचना आल्यावर तो कुठे जातो, आणि दोनदा सूचना येऊन वीज पडली नाही तर तिसऱ्या वेळी तो ती मानतो का, हे कोणी पाहायचं? डॉक्टरांच्या शिक्षणाने ही गरज ओळखली. २०१९ पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग सक्तीचा झाला, कारण रोगनिदान अचूक असूनही रुग्णाला ते कळलंच नाही तर गोळी डबीत पडून राहते. माणदेशात म्हसवडला स्त्रियांच्या संस्थेने चालवलेलं सामुदायिक रेडिओ केंद्र आहे, तिथे ऐकणारा आणि बोलणारा एकाच बाजारात भेटतात. आरोग्य विभाग, कृषी विभाग, आपत्ती व्यवस्थापन, बँका, सहकारी संस्था या सर्वांना 'लोकांपर्यंत पोचत नाही' ही तक्रार रोज असते आणि त्यावर ते फलक आणि व्हिडिओ यांवर खर्च करत राहतात. पोचत का नाही ते शोधून सांगणारा माणूस त्यांच्याकडे नसतो. अशी माणसं तयार करणं हे या पदवीचं काम आहे, आणि त्या माणसांसाठी पदं निर्माण करा असा आग्रह विद्यापीठांनी सरकारकडे धरला पाहिजे.

यासाठी अभ्यासक्रमात जे बदल हवेत त्यांतला मला सर्वांत तातडीचा वाटतो तो भाषेचा आणि परीक्षेचा. मराठी बोलणाऱ्या श्रोत्यांचा अभ्यास इंग्रजी पुस्तकांतून, इंग्रजी प्रश्नावलीने आणि इंग्रजी अहवालात होत राहिला तर विद्यार्थ्याची चूक दाखवू शकणारा एकमेव माणूस, म्हणजे ज्याच्याबद्दल लिहिलं तो, त्या अहवालापासून कायमचा दूर राहतो. न्यूरथ-माथुर यांच्या अहवालाचं मराठी भाषांतर करून ते प्रत्येक विभागाच्या ग्रंथालयात ठेवणं कोणत्याही विद्यापीठाला परवडण्यासारखं आहे. चौथ्या वर्षाचं संशोधन प्रत्येक विद्यार्थ्याने एकाच गावात किंवा एकाच वस्तीत, किमान दोन ऋतू राहून-जाऊन करावं आणि ते मराठीत, अहिराणीत, कोकणीत, गोंडीत, जिथली जी भाषा असेल तीत बोलून करावं. तोंडी परीक्षा मात्र महाविद्यालयात होऊ नये. बाहेरच्या परीक्षकाने त्या गावात जावं, विद्यार्थ्याने आपले निष्कर्ष ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांच्यासमोर मांडावेत, त्यांनी हरकती घ्याव्यात, 'असं आम्ही म्हटलंच नव्हतं' असं म्हणायची मुभा त्यांना असावी, आणि त्यांच्या दुरुस्त्या जोडल्याखेरीज विद्यापीठाने तो अहवाल दाखल करून घेऊ नये.